नाही म्हणायचं तर तोंडानं

‘ताई, हे चाक नुसतंच फिरतंय. आत काय दळण घातलंय का कुणी?’

मालनताईंनी फोन माझ्यापुढं धरला. पडद्यावर हिरवं वर्तुळ गोल गोल फिरत होतं आणि त्याच्या मधोमध चंपी हसत होती. चंपी म्हणजे शेळी. कार्टूनमधली. गळ्यात घुंगरू, डोळ्यांत काजळ. तोंड उघडलं की ‘नमस्कार, मी चंपी! आज तुमच्या शेळ्या कशा आहेत?’ असं मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत विचारायची. मुंबईच्या देणगीदारांना ती फार आवडली होती. तिची गाणी, तिचे व्हिडिओ, तिचा नाच असं सगळं आत भरता भरता आमचं अ‍ॅप इतकं फुगलं होतं की जुनं एखाद्या फोटोएवढं असेल तर नवं अख्ख्या सिनेमाएवढं झालं होतं.

वाघजाईमळा हे माणदेशातलं गाव. माळरान, बोरी-बाभळी, आणि माणसांपेक्षा जास्त शेळ्या-मेंढ्या. मी तेव्हा पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत अ‍ॅप बनवायचं काम करत होते. आमचं गिऱ्हाईक म्हणजे एक संस्था. त्या संस्थेनं गावोगावच्या बायकांना शेळ्यांना लस टोचायला, जंताचं औषध पाजायला शिकवलं होतं. त्यांना पशुसखी म्हणायचे; मालनताई वाघजाईमळ्याच्या पशुसखी. गावात जनावर आजारी पडलं की पशुसखीनं अ‍ॅपवर नोंद करायची, लसीची मागणी टाकायची. ती मागणी तालुक्याच्या गावी संस्थेच्या शीतगृहात उमटायची आणि तिथून बर्फाच्या पेटीत लस निघायची. जुन्या अ‍ॅपवर हे सगळं बरं चाललं होतं. पण त्या दिवशी सकाळपासून जुनं बंद होऊन नवं सक्तीचं झालं होतं आणि बायकांच्या फोनमध्ये ते घालून द्यायला मला पाठवलं होतं.

गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली यायची. म्हणून आम्ही सगळ्या टाकीखालीच बसलो होतो. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या पशुसखीही आल्या होत्या. कुणी फोन पदरावर ठेवला होता, कुणी टाकीच्या खांबाला टेकवून उभा केला होता. डाउनलोड अर्ध्यावर यायचं, कधी अर्ध्याच्याही पुढं जायचं, मग वारा आल्यासारखी रेंज हलायची आणि सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं. जिथं तुटलं तिथून पुढं चालू व्हायची सोय नव्या अ‍ॅपमध्ये केलेलीच नव्हती. ऑफिसच्या वायफायवर ते कधी तुटलंच नव्हतं, त्यामुळं ती सोय लागेल असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी दोनदा बोलले होते. ‘पुढच्या टप्प्यात घेऊ’ असं उत्तर मिळालं होतं.

‘जागा न्हाय म्हणतंय आता,’ एक जण म्हणाली.

‘मग फोटो काढून टाका थोडे,’ असं माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं फोन उघडून फोटो वर-खाली केले, मुलीच्या साखरपुड्याच्या फोटोवर बोट नेलं आणि फोन बंद करून कमरेला खोचला. ‘राहू दे,’ म्हणाली.

तेवढ्यात टाकीकडं जैतूनबी आल्या. गावाच्या कडेला शेळ्या कोंडायचा त्यांचा वाडगा होता. नवरा गेल्यापासून शेळ्यांवरच घर चालवायच्या. चालताना एरवी त्या कुणाला ना कुणाला हाक मारायच्या; आज थेट मालनताईंपुढं येऊन उभ्या राहिल्या.

‘मालन, चल जरा. दोन करडं गेली रात्रीत. मोठ्या शेळीच्या नाकातनं गळतंय. तोंडात फोड आल्यात, काय खात न्हाय.’

‘हागवण?’

‘व्हय. लई घाण वास.’

मालनताई उठल्या. मीही त्यांच्या मागून गेले. वाडग्यात शिरायच्या आधी त्यांनी चप्पल बाहेर काढून ठेवली आणि मला म्हणाल्या, ‘तुमी हितंच थांबा. हे पायाला चिकटून दुसरीकडं जातंय.’ कुडाच्या फटीतून मला दिसलं ते सांगते. एरवी माणसाची चाहूल लागली की उसळणाऱ्या शेळ्या माना खाली घालून उभ्या होत्या. एक शेळी बसली होती आणि तिचा श्वास मला बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

मालनताई परत टाकीखाली आल्या आणि त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी लक्षणं विचारून घेतली. पीपीआरच दिसतोय म्हणाले, म्हणजे शेळ्यांचा प्लेग. ‘मी संध्याकाळपर्यंत येतो. पण आजारी आहेत त्यांच्यापेक्षा अजून धडधाकट आहेत त्यांची घाई करा. आसपासच्या सगळ्या वस्त्यांवर लस टोचून घ्या. तुमच्या संस्थेकडं साठा आहे, आजच उचला.’

मालनताईंनी मागणी टाकायला जुनं अ‍ॅप उघडलं. ते उघडलं नाही. पडदाभर एक पाटी आली: ‘ही आवृत्ती आता बंद झाली आहे. कृपया नवी आवृत्ती घ्या.’ खाली चंपी पुढचा पाय हलवून टाटा करत होती.

जैतूनबींनी वाकून पाहिलं. ‘ही हसतीया कशाला?’ त्यांनी मला विचारलं.

मी शीतगृहाच्या कोकाट्यांना फोन लावला. कोकाटे तिथले भांडारपाल, चाळिशीतले, शब्दाला शब्द जोडून बोलणारे.

‘ताई, लस आहे की. भरपूर आहे. पण मागणी क्रमांक?’

‘नवं अ‍ॅप उतरत नाहीये. जुनं बंद झालंय. तुम्ही पेटी काढून ठेवा, क्रमांक मागून देते.’

‘क्रमांकाशिवाय कुलूप काढता येत नाही मला. मागच्या वर्षी काढलं, तर मेमो मिळाला. माझ्या हातात असतं तर—’

‘मग कुणाच्या हातात आहे?’

‘सिस्टीमच्या,’ कोकाटे म्हणाले. ते अगदी मनापासून सांगत होते.

मी निरंजनला फोन केला. निरंजन म्हणजे आमच्या कंपनीचा मालक. माझ्याहून थोडासाच मोठा, त्यामुळं आम्ही सगळे त्याला नावानंच हाक मारायचो. माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या घरातल्या एका खोलीतून त्यानं कंपनी उभी केली होती आणि आमच्यातल्या कुणाचाही पगार कधी थकवला नव्हता.

‘निरंजन, जुनं उघड. आत्ता. इथं रोग आलाय.’

‘केतकी, उद्या उद्‌घाटन आहे. मुंबईहून पाहुणे येणार आहेत. सगळ्यांच्या फोनमध्ये नवं दिसायला पाहिजे, नाही तर पुढच्या वर्षीचं काम गेलं आपलं. तुला माहिती आहे सगळं.’

‘एका दिवसासाठी उघड. रेंज नाही इथं, नवं उतरतच नाहीये.’

‘जुनं चालू आहे म्हटल्यावर नवं कोण घेणार? दिवसभर व्हिडिओ बघतात की सगळे. नेट नाही हे सांगायचं असतं गं. जरा मागं लागलीस की होईल.’

मी टाकीखाली पाहिलं. सकाळपासून त्या बायका तिथं बसून होत्या. कुणाचंच जेवण झालं नव्हतं.

‘मी मागंच लागलेय,’ मी म्हणाले. ‘पण मी उभी आहे ते ठिकाण तू बघितलेलं नाहीस.’

‘कशाला हात लावू नकोस. उद्या संध्याकाळी आपण शांतपणे बघू,’ असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

जुनं बंद करायची आणि उघडायची कळ आम्हा दोघांच्याच खात्यात होती. मी गाडीतून लॅपटॉप आणला. टाकीच्या खांबाशी बसले, माझ्या फोनचं नेट त्याला जोडलं. पान उघडायला बराच वेळ लागला. ‘जुनी आवृत्ती: बंद’ असं लिहिलं होतं. मी त्यावर टिचकी मारली. ‘चालू’ झालं. इतकंच. त्यात शौर्याचं काही नव्हतं. दिवा लावण्यासारखं होतं ते.

‘मालनताई, बघा आता.’

जुनं अ‍ॅप पटकन उघडलं. साधा पांढरा पडदा, चार चौकटी, मोठी अक्षरं. मालनताईंनी जैतूनबींच्या कळपाची नोंद केली, मग शेजारच्या वस्त्यांच्या पशुसखींनी आपापल्या मागण्या टाकल्या. एकेक नोंद गेली की फोन बारीकसा वाजायचा. पाचच मिनिटांत कोकाट्यांचा फोन आला, ‘आल्या ताई! सगळ्या आल्या. टेम्पोवाला जेवून आला की पेट्या सोडतो.’

बायकांनी डबे उघडले. मलाही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. जैतूनबी मात्र खायला थांबल्या नाहीत. धडधाकट शेळ्या वेगळ्या बांधायला निघून गेल्या.

टेम्पो आला नाही. ऊन उतरायला लागलं तसा मी कोकाट्यांना परत फोन केला. ते दबक्या आवाजात म्हणाले, ‘ताई, मगाशी होतं. पडद्यावर डोळ्यांनी बघितलंय मी. आता काहीच नाही. कोरं आहे.’

मी माझं खातं उघडायला गेले. उघडलं नाही. निरंजनला फोन केला.

‘तू बायकांच्या नोंदींचं काय केलंस?’

‘जुन्यातून आल्या होत्या. नव्यात घोळ झाला असता. चाचणीच्या धरून काढून टाकल्या, जुनं परत बंद केलं.’ मग थोडं थांबून म्हणाला, ‘आणि तुझं खातं मी सध्या बंद केलंय. रागानं नाही. उद्या डेमो तुलाच द्यायचाय, नीट ये. बाकी सगळं आपण नंतर बोलू.’

मी हे मालनताईंना सांगितलं. काही आड न ठेवता सांगितलं. नोंदी पुसल्या, कुणी पुसल्या, का पुसल्या. मला वाटलं होतं त्या भडकतील. त्या टाकीच्या नळावर हात धूत राहिल्या.

‘उद्या शीतगृहावर कार्यक्रमाला आमाला बी बोलावलंय,’ शेवटी म्हणाल्या. ‘हिरव्या साड्या दिल्यात. म्होरं बसायचं आणि पाव्हण्यानं सांगितलं की समद्यांनी एकदम बटण दाबायचं, असं हाय.’

‘जाणार?’

‘जाणार की. सकाळीच जाणार. लस घेऊन येणार.’ त्यांनी पदराला हात पुसले. ‘जैतून, तू बी चल. शेळ्यांपाशी तुझा ल्योक राहील.’

डॉक्टर सांगितल्याप्रमाणे संध्याकाळी आले, आजारी शेळ्यांना इंजेक्शनं दिली आणि ‘लस कुठाय?’ म्हणून विचारून गेले. मी त्या रात्री मालनताईंच्या घरी राहिले.

सकाळी आम्ही सगळ्या टेम्पोतून तालुक्याला गेलो. शीतगृहाच्या अंगणात मांडव घातला होता. व्यासपीठामागं मोठ्या फलकावर चंपी, तिच्या तोंडातून निघालेला फुगा, त्यात ‘डिजिटल पशुसखी’. निरंजन इस्त्रीच्या सदऱ्यात तारा जोडत फिरत होता. त्यानं मला पाहिलं आणि हसायचा प्रयत्न केला. संस्थेच्या प्रमुख लीना दिघे मॅडम रांगोळीकडं बघत उभ्या होत्या. मालनताई सरळ त्यांच्यापाशी गेल्या.

‘मॅडम, आधी लस द्या. मग म्हणाल ते दाबतो.’

‘अहो मालनताई, मला कळलंय सगळं. फार वाईट वाटलं,’ लीना मॅडम म्हणाल्या. त्या नेहमीच हळू आणि गोड बोलायच्या. ‘पण तासाभराचाच तर प्रश्न आहे. नव्या अ‍ॅपवरून पहिली मागणी तुमचीच जाऊ दे. पाहुण्यांच्या हस्ते पहिली पेटी तुम्हालाच! किती छान होईल.’

‘आन् ते नाही उतरलं तर?’

निरंजन पुढं आला. ‘इथं वायफाय आहे ना, ताई. मी पासवर्ड घालून देतो सगळ्यांना. चुटकीसरशी होईल.’

‘आज हुईल,’ मालनताई म्हणाल्या. ‘पुढल्या महिन्यात ही शेळी नवं गाणं शिकंल, तवा? दर वक्ताला टेंपू करून तुमच्या वायफायला यायचं का आमी? तवर रोगाला काय सांगायचं, थांब म्हणून?’

‘पुढचं पुढं बघू ना,’ निरंजन म्हणाला.

लीना मॅडमना कुणीतरी हाक मारली. त्या जाता जाता मालनताईंच्या खांद्यावर थोपटून गेल्या. बायका पुढच्या रांगांत जाऊन बसल्या. हिरव्या साड्यांमध्ये जैतूनबींची एकटीची तपकिरी साडी. कुणीतरी कार्यकर्ता त्यांना मागं बसायला सांगत होता. त्या हलल्या नाहीत.

निरंजन माझ्याजवळ आला. ‘केतकी, प्लीज. बारा जणांची घरं आहेत या कामावर. फक्त अर्धा तास सांभाळ.’

त्याच्या कपाळावर घाम होता. मला त्याची दया आली, हे खोटं नाही. पण त्याच वेळी मला तो आवाज आठवत होता, वाडग्यातल्या त्या शेळीच्या श्वासाचा.

‘मी डेमो देते,’ मी म्हणाले. ‘खराखुरा देते.’

त्यानं माझ्याकडं पाहिलं. पण तेवढ्यात पाहुण्यांच्या गाड्या आल्या.

हार झाले, दीप झाला, चंपीचं गाणं लागलं. पाहुणे म्हणजे एक वयस्कर उद्योजक, त्यांच्याबरोबर दोघं-तिघं. लीना मॅडमनी प्रास्ताविक केलं आणि माईक माझ्या हातात दिला. मी व्यासपीठावरून खाली उतरले, बायकांच्या रांगेसमोर उभी राहिले.

‘आता सगळ्या पशुसखी नवं अ‍ॅप आपापल्या फोनवर घेतील,’ मी म्हणाले. ‘पाहुण्यांना हे रोजच्यासारखं दिसायला हवं. म्हणून ताईंनो, तुम्ही तुमच्या गावात जसं घेता तसंच इथं घ्या. तुमच्या कार्डावर. फोनचं वायफाय बंद करा.’

कुणीतरी मागून ‘अगं’ म्हणालं. निरंजन होता. माईकवर माझा श्वास मोठा ऐकू येत होता.

मालनताईंनी मागं वळून एकदाच सांगितलं, ‘बंद करा गं बायांनो.’

सगळ्यांनी बोटं फिरवली. पाहुण्यांनी हसून लाल फीत लावलेलं बटण दाबलं, टाळ्या झाल्या, आणि बायकांनीही आपापल्या फोनवर दाबलं. मग सगळ्यांनी फोन वर धरले, ठरल्याप्रमाणे. हिरवी चाकं फिरायला लागली.

टाळ्या थांबल्या. चाकं फिरत राहिली.

छायाचित्रकारानं दोन-चार फोटो काढले आणि कॅमेरा खाली केला. लीना मॅडम पाहुण्यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. पाहुणे मान हलवत हसले, मग हसायचे थांबले. मांडवाच्या कापडावर ऊन चढत होतं. बायकांचे हात वरच होते. कुणी एका हाताचा भार दुसऱ्या हातावर घेतला, पण फोन खाली घेतला नाही.

‘किती वेळ लागतो साधारण?’ पाहुण्यांनी माईकवर विचारलं.

‘सांगता येत नाही,’ मी म्हणाले. ‘काल सकाळपासून घेतोय.’

‘म्हणजे? तुटलं तर?’

‘तुटलं तर पहिल्यापासून.’

निरंजन माझ्या दिशेनं निघाला होता, पण मधल्या रांगेतून त्याला येता येईना. बायकांनी पाय आखडले नाहीत. एकीच्या फोनवर घंटा वाजली. तिनं पडदा बघून मोठ्यांदा सांगितलं, ‘आजचं नेट संपलं म्हणतंय.’ मग दुसरीचा वाजला. मग आणखी कुणाचा. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढं कराडला दुसरा कार्यक्रम होता. ‘छान उपक्रम आहे, तांत्रिक गोष्टी होतातच,’ असं काहीतरी बोलून ते उठले. लीना मॅडम त्यांना गाडीपर्यंत सोडायला निघाल्या तेव्हा जैतूनबी उठल्या आणि दोघांच्या वाटेत उभ्या राहिल्या.

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. ‘साहेब, तुमी जावा. तुमाला काय म्हणणं न्हाय. ह्या बाईंना थांबवायचंय.’

पाहुणे क्षणभर घुटमळले आणि खरंच निघून गेले. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

एव्हाना मालनताई शीतगृहाच्या दारापाशी पोचल्या होत्या. कोकाटे तिथं किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभे होते. मीही तिकडं गेले.

‘कोकाटेभाऊ, कालच्या मागण्या तुम्ही डोळ्यांनी बघितल्यात,’ मी म्हणाले. ‘त्या खऱ्या होत्या. पुसल्या आमच्या कंपनीनं. माझं नाव घाला आणि पेट्या द्या.’

‘ताई, तुमचं नाव घालून काय होतंय? मॅडमचं पाहिजे.’

लीना मॅडम तोवर आल्या होत्या. चेहरा उतरला होता, पण बोलणं तेच, हळू. ‘हे बघा, आपण आत बसून बोलू या. सिस्टीमला काही पद्धत असते. नियम मी मोडला तर उद्या सगळेच—’

‘मॅडम,’ मालनताई म्हणाल्या, ‘कालपास्नं समदी मला सिस्टीमच सांगाय लागल्यात. फोन म्हणतो बंद हाय. कोकाटेभाऊ म्हणत्यात किल्ली सिस्टीमकडं. हे पोरगं म्हणतं पुढचं पुढं. न्हाय कुणीच म्हणत न्हाय, आन् लस बी कुणी देत न्हाय.’ त्या एक पाऊल पुढं आल्या. ‘तुमी माणूस हाय. तुमाला न्हाय म्हणायचं आसंल तर तोंडानं म्हणा. ही जैतून हाय समोर. हिच्या तोंडाकडं बघून म्हणा, की तुज्या शेळ्या मरू देत, लस मिळणार न्हाय. म्हणा. आमी टेंपूत बसून माघारी जातो.’

मांडवातल्या सगळ्या बायका मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. स्पीकरवर चंपीचं गाणं अजून चालू होतं. कुणीतरी जाऊन तार उपटली.

‘असं कसं बोलता तुम्ही,’ लीना मॅडम म्हणाल्या.

‘खरं तर काय आहे, की डेटाबेसमध्ये—’ निरंजननं सुरुवात केली.

‘तुमाला न्हाय इचारलं,’ मालनताई म्हणाल्या. त्यांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

जैतूनबी पुढं आल्या. पदर डोक्यावर नीट घेऊन लीना मॅडमच्या अगदी समोर उभ्या राहिल्या आणि वाट पाहू लागल्या. हो किंवा नाही, यातलं काहीही ऐकायची तयारी करून माणूस उभं राहतं, तशा.

मी आजही त्या क्षणाचा विचार करते. आम्ही इतकी वर्षं ज्या पाट्या लिहीत होतो, ‘बंद झाली आहे’, ‘उपलब्ध नाही’, ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा’, त्या सगळ्या पाट्यांचं काम काय होतं ते मला त्या दारात कळलं. कुणालाही कुणाच्या तोंडाकडं बघून नाही म्हणावं लागू नये, एवढंच त्यांचं काम होतं.

लीना मॅडमचे ओठ हलले. शब्द आला नाही. त्यांनी जैतूनबींवरून नजर काढली, जमिनीकडं नेली.

कोकाट्यांनी घसा साफ केला. ‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘नाही म्हणा, मी इथंच थांबतो. तुमचा हुकूम मानतो.’

ते थांबले. चांगले थांबले. लीना मॅडमनी मान वर केली नाही.

‘बरं,’ म्हणून कोकाटे वळले आणि त्यांनी कुलपात किल्ली घातली.

बर्फाच्या पेट्या बायकांनी हातोहात टेम्पोत चढवल्या. साड्या नव्या होत्या, ओल्या पेट्यांनी सगळ्या डागाळल्या. मी टेम्पोच्या मागच्या फळीवर चढले तेव्हा निरंजन खाली उभा होता.

‘तू इथून गेलीस तर परत येऊ नकोस,’ असं तो म्हणेल याची मी वाट पाहिली. तो म्हणाला नाही. त्याच्या मनात काय होतं मला माहीत नाही. टेम्पो निघाला.

त्या दिवशी आम्ही दिवेलागणीपर्यंत वस्त्या फिरलो. बायका शेळ्या धरत होत्या, मालनताई आणि बाकीच्या टोचत होत्या, मी पेटीचं झाकण उघडत-लावत होते आणि टोचलेल्या शेळीच्या पाठीवर रंगाची रेघ ओढत होते. जैतूनबींच्या आजारी शेळ्यांतल्या बऱ्याच गेल्या. त्यांना उशीर झाला होता. धापा टाकणारी ती शेळी दुसऱ्या दिवशी सकाळी मेली. जैतूनबी तिच्याजवळ बसून होत्या, रडल्या नाहीत, मला म्हणाल्या, ‘पोरी, दूध लई द्यायची.’ पण रोग त्यांच्या वाडग्याबाहेर गेला नाही. आसपासच्या एकाही वस्तीवर पुढं शेळी मेली नाही.

पुण्याला परत आल्यावर ऑफिसच्या दाराला माझं कार्ड लागलं नाही. आतून कुणी उघडलंही नाही. मला काढून टाकलं असं मला कुणी कधी सांगितलं नाही. मी तिथून घरी आले, आईला सगळं सांगितलं आणि दुपारभर झोपले.

पुढं महिन्याभरानं लीना मॅडमचा फोन आला. नव्या अ‍ॅपवर कुणीच नोंदी करत नव्हतं. पशुसखींनी ते घ्यायलाच नकार दिला होता. सगळ्या मागण्या कोकाट्यांना फोनवर सांगत होत्या आणि कोकाटे मुकाट्यानं देत होते. जुनं परत चालू करून सांभाळशील का, असं त्यांनी विचारलं. लीना मॅडमनी ते निरंजनकडून काढून घेतलं होतं.

‘सांभाळते,’ मी म्हणाले. ‘पण एका अटीवर. ते कधी बंद करायचं हे पुण्यात किंवा मुंबईत ठरायचं नाही. गावात येऊन बायकांना विचारायचं. तिथं, सगळ्यांसमोर.’

‘केतकी, असं कुठं असतं का?’

‘मग नको.’

त्यांनी माझी अट शब्दाशब्दानं परत म्हणून बघितली. मग म्हणाल्या, ‘येते.’

काही महिन्यांनी नव्याचा विषय परत निघाला तेव्हा आल्या खरंच. जैतूनबींच्या अंगणात सतरंजी घातली होती, दावणीला नवी करडं उड्या मारत होती. लीना मॅडमनी नव्या अ‍ॅपचे फायदे सांगितले, अगदी मन लावून. चित्रं दाखवली. बायकांनी सगळं ऐकून घेतलं. मग मालनताई उठल्या.

‘जुनं बंद करायचं, असं ज्येचं म्हणणं आसंल त्येनं हात वर करावा.’

लीना मॅडमनी सगळ्यांकडं पाहिलं. एकही हात वर गेला नाही.

ते जुनं अजून चालू आहे.